ऊन कुणाचे, वीज कुणाची?

सौर ऊर्जेचा धडा शिकवताना वर्गात एक प्रश्न हमखास येतो. "सर, ऊन फुकट, वारा फुकट; मग त्यांची वीज विकत का घ्यायची?" बहुतेक वेळा "यंत्रांना खर्च येतो" एवढे सांगून आपण पुढच्या मुद्द्याकडे वळतो. हे उत्तर बरोबर आहे, पण ते अर्धे आहे. यंत्रांसाठी पैसा कोण घालतो, त्यावर किती व्याज आणि नफा घेतो, आणि खर्च पुरता वसूल झाल्यावर ती वीज कुणाची, हे त्या उत्तरात येत नाही. महाराष्ट्रातील वीज कर्मचाऱ्यांच्या संघटना गेली काही वर्षे नेमके हेच विचारीत आहेत आणि त्यासाठी संपही करीत आहेत. त्यांची मागणी मान्य करा किंवा नका करू. पण त्यामागे जे विज्ञान आणि जे गणित आहे ते शाळेच्या फळ्यावर मांडता येण्यासारखे आहे. या लेखात आम्ही तेच करणार आहोत. उदाहरणे घेऊ ती शक्यतो बीड जिल्ह्यातली.

परळीच्या चिमण्या आणि बालाघाटच्या पवनचक्क्या

बीड जिल्ह्यात विजेच्या दोन पिढ्या शेजारी शेजारी पाहता येतात. परळी वैजनाथला १९७१ मध्ये औष्णिक वीज केंद्र सुरू झाले. सुरुवातीचे ३० मेगावॅटचे संच आणि नंतरचे २१० मेगावॅटचे संच आता निवृत्त झाले आहेत. आज तेथे २५० मेगावॅटचे तीन संच आहेत, म्हणजे एकूण ७५० मेगावॅट. दुसरीकडे बालाघाटच्या माथ्यावर, पाटोदा आणि केजच्या परिसरात, पवनचक्क्यांची पाती फिरताना दिसतात. परळीचे केंद्र महानिर्मिती या सरकारी कंपनीचे आहे. पवनचक्क्या मात्र खासगी कंपन्यांच्या आहेत. कोळशाकडून उन्हावाऱ्याकडे जाताना आपण नकळत सार्वजनिक मालकीकडून खासगी मालकीकडेही जात आहोत. ही दुसरी गोष्ट पहिलीइतकी कुणाच्या लक्षात येत नाही.

कोळशापासून दूर जायला हवे याविषयी परळीकरांना वेगळे सांगायची गरज नाही. हिशेबच करू. ७५० मेगावॅट म्हणजे साडेसात लाख किलोवॅट. सर्व संच पूर्ण क्षमतेने २४ तास चालले, तर एक कोटी ८० लाख युनिट वीज तयार होईल. एका युनिटला साधारण ७०० ग्रॅम कोळसा धरला, तर दिवसाला १२,६०० टन कोळसा हवा. हा कोळसा शेकडो किलोमीटरवरून रेल्वेने येतो. त्यातून प्रत्येक युनिटमागे सुमारे एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. वाफ थंड करण्यासाठी पाणी लागते ते वेगळेच. युनिटला साडेतीन लिटर धरले, तरी दिवसाला सहा कोटी ३० लाख लिटर पाणी होते. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते, तेथे या आकड्याचा अर्थ मुलांना लगेच कळतो. फेब्रुवारी २०१३ मध्ये, त्या भीषण दुष्काळात, पाणी नाही म्हणून परळीचे सगळे संच बंद करावे लागले होते. २०१५ मध्येही तीच पाळी आली.

तेव्हा कोळसा जाणार, आणि त्याने गेलेच पाहिजे. त्याच्या जागी जे येईल ते कुणाचे असावे, एवढाच प्रश्न आहे.

वीज सार्वजनिक झाली कशी

वीज सरकारच्या हाती असावी ही कल्पना आभाळातून पडलेली नाही. तिच्यामागे एक युक्तिवाद होता. १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्या वेळी वीजही याच खात्याकडे होती. ऑक्टोबर १९४३ मध्ये युद्धोत्तर पुनर्रचनेच्या बैठकीत त्यांनी विजेचा प्रश्न मांडला. वीज नुसती असून भागणार नाही, ती स्वस्त हवी आणि मुबलक हवी, आणि ती तशी मिळण्यासाठी मालकी खासगी असावी की सरकारी याचा विचार करावा लागेल, असा त्यांच्या मांडणीचा रोख होता. मजूर आणि वीज ही दोन खाती एकाच व्यक्तीकडे होती, हा योगायोग आज या विषयाकडे पाहताना अर्थपूर्ण वाटतो.

पुढे १९४८ च्या वीजपुरवठा कायद्यानुसार राज्याराज्यांत विद्युत मंडळे झाली. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची स्थापना २० जून १९६० रोजी झाली. खेड्यापाड्यांत तारा ओढण्याचे काम याच मंडळाने केले. एखाद्या वाडीवर चार घरे आणि दोन मोटारी. तेथपर्यंत खांब नेणे कुठल्याही नफ्याच्या हिशेबात बसले नसते. २००३ च्या वीज कायद्यानंतर, ६ जून २००५ रोजी, मंडळाचे विभाजन झाले आणि निर्मितीसाठी महानिर्मिती, मोठ्या वाहिन्यांसाठी महापारेषण आणि घरोघरच्या पुरवठ्यासाठी महावितरण अशा कंपन्या झाल्या. त्यांच्यावरची सूत्रधारी कंपनीही सरकारचीच आहे. याच कायद्याने औष्णिक, सौर आणि पवन वीजनिर्मितीला परवाना लागेनासा झाला. नवी स्वच्छ वीज प्रामुख्याने खासगी क्षेत्रात उभी राहिली, त्याचे एक मोठे कारण हे आहे.

इंधन फुकट असते तेव्हा

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. कोळशाच्या विजेत इंधनाचा खर्च मोठा असतो. खाणीपासून दूरच्या केंद्रात तर एकूण खर्चाचा निम्म्याहून अधिक भाग कोळसा आणि त्याचे भाडे यांतच जातो. मालक कुणीही असो, कोळशाचे बिल चुकत नाही. उन्हाचे बिल येत नाही. मग सौर विजेची किंमत कशाची असते? जवळजवळ सगळी सुरुवातीला घातलेल्या पैशाची.

आठवी-नववीच्या मुलांबरोबर करता येईल असा एक हिशेब पाहा. एक मेगावॅटचा सौर प्रकल्प उभा करायला चार कोटी रुपये लागले असे धरू. रात्र, ढग, धूळ हे सगळे जमेस धरता असा प्रकल्प वर्षभरात आपल्या पूर्ण क्षमतेच्या सुमारे १९ टक्के वीज देतो. वर्षाचे तास ८,७६०. म्हणून,

१,००० × ८,७६० × ०.१९ = १६,६४,४०० युनिट.

म्हणजे वर्षाला साधारण साडेसोळा लाख युनिट. हे चार कोटी रुपये २५ वर्षांत समान हप्त्यांनी परत करायचे आहेत. देखभालीचा खर्च तूर्त बाजूला ठेवू, कारण तो तुलनेने कमी असतो.

पैसा वर्षाला ७ टक्क्यांनी मिळाला, तर वार्षिक हप्ता सुमारे ३४ लाख ३० हजार रुपये येतो. युनिटमागे २ रुपये ६ पैसे.

पैशाने वर्षाला १२ टक्के मिळवले पाहिजेत असे ठरले, तर वार्षिक हप्ता सुमारे ५१ लाख रुपये होतो. युनिटमागे ३ रुपये ६ पैसे.

ऊन तेच, पत्रे तेच, जमीन तीच, काम करणारी माणसेही तीच. युनिटमागे एक रुपयाचा फरक पडला तो फक्त पैशाच्या मोबदल्यामुळे. कोळशाच्या केंद्रात हा फरक इंधनाच्या मोठ्या बिलाखाली झाकला जातो. सौर आणि पवन ऊर्जेत तो उघडा पडतो. म्हणूनच वीज जितकी स्वच्छ होत जाते, तितका मालकीचा प्रश्न मोठा होत जातो. संघटनांच्या म्हणण्याचा गाभा हाच आहे: ऊन कुणाचेच नाही, मग त्याच्या विजेवरचा नफा पिढ्यान्‌पिढ्या खासगी का असावा?

अर्थात सरकारी कंपनीला पैसा नेहमी स्वस्तच मिळेल असे नाही. तिच्यावर आधीच कर्जाचा डोंगर असेल, तर सावकार तिलाही जादा व्याज लावतो. हिशेबातला हा दुवा मुलांना जरूर दाखवावा.

हजार लिटर पाण्याची वीज

कमी कार्बनच्या विजेत जुनी आणि भरवशाची वीज पाण्याची. सरकारी मालकीचा वादही महाराष्ट्रात तिच्याभोवती पेटला. तो समजण्यासाठी आणखी एक हिशेब करू.

कोयनेच्या पहिल्या दोन टप्प्यांत पाणी साधारण ४७५ मीटर खाली पडते. एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर पाण्याचे वस्तुमान १,००० किलो. त्याची स्थितिज ऊर्जा,

१,००० × ९.८ × ४७५ = सुमारे ४६.५ लाख ज्यूल.

एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. यंत्रातली दहा टक्के घट वजा केली, तर हजार लिटर पाण्यातून सव्वा युनिटला थोडी कमी वीज मिळते. हेच पाणी फक्त २० मीटर उंचीवरून पडले, तर? एका युनिटसाठी सुमारे २० हजार लिटर पाणी लागेल, म्हणजे दहा हजार लिटरचे दोन टँकर. आपल्या माजलगाव धरणाच्या पायथ्याशीही लहानसे जलविद्युत केंद्र आहे. पण बीडच्या भूगोलात उंची कमी आणि पाणीही कमी. सह्याद्रीची कड लाभलेल्या कोयनेची स्थापित क्षमता मात्र १,९६० मेगावॅट आहे. यासाठी पूर्वेकडे वाहणारे पाणी पश्चिमेकडे वळवावे लागते आणि ते कृष्णेच्या खोऱ्याला अंतरते, हेही विसरता कामा नये.

जलविद्युतचे खरे मोल तिच्या वेळेत आहे. कोळशाचा थंड झालेला संच पुन्हा सुरू करायला तास न् तास लागतात. पाण्याचा संच काही मिनिटांत वीज देऊ लागतो. सौर वीज दुपारी भरपूर असते आणि सूर्य मावळताना संपते. नेमके त्याच वेळी घराघरांत दिवे, पंखे, टीव्ही लागतात. ही संध्याकाळची खिंड धरणे लढवतात. राज्यात सौर पत्रे जितके वाढतील, तितकी कोयनेसारख्या केंद्रांची आणि पाणी पुन्हा वर चढवणाऱ्या घाटघरसारख्या २५० मेगावॅटच्या केंद्राची गरज वाढेल. संध्याकाळची वीज सर्वांत महागही असते. तेव्हा धरणाची चावी ज्याच्या हाती, त्याच्या हाती संध्याकाळचा भाव.

महाराष्ट्रातील बरीच जलविद्युत केंद्रे जलसंपदा विभागाच्या मालकीची आहेत आणि ती भाडेपट्ट्याने महानिर्मिती चालवते. यंत्रे जुनी झाली की ती बदलावी लागतात. हे नूतनीकरण खासगी कंपनीने करावे, ठरावीक वर्षे केंद्र चालवावे आणि मग परत द्यावे, असे धोरण पुढे आले. भंडारदऱ्याचे केंद्र या मार्गाने खासगी कंपनीकडे गेले. संघटनांचा आक्षेप असा की, धरण जनतेच्या पैशातून झाले, त्यासाठी गावे उठली, कर्ज केव्हाच फिटले. घराचे कर्ज फिटल्यावर राहणे स्वस्त होते, तशी ही वीज आता कुठे स्वस्त झाली आहे. अशा वेळी ती दुसऱ्याच्या हाती का द्यायची? २८ आणि २९ मार्च २०२२ रोजी राज्यातील वीज कर्मचाऱ्यांनी जो संप केला, त्याच्या मागण्यांत महानिर्मितीची जलविद्युत केंद्रे खासगी उद्योजकांना देऊ नयेत ही एक स्पष्ट मागणी होती.

नवी मुंबईचा परवाना आणि आष्टीची मोटार

यानंतरचा मोठा संप ४ जानेवारी २०२३ रोजी झाला. तिन्ही कंपन्यांतील तीसहून अधिक संघटनांच्या संघर्ष समितीने ७२ तासांच्या संपाची हाक दिली होती. कारण होते समांतर परवाना. भांडुप, मुलुंड, ठाणे, नवी मुंबई, पनवेल, उरण या पट्ट्यात वीज वितरणासाठी अदानी समूहाच्या कंपनीने वीज नियामक आयोगाकडे परवाना मागितला होता. त्याच दिवशी तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्याशी चर्चा झाली. कंपन्यांचे खासगीकरण करण्याचा सरकारचा विचार नाही आणि पुढील तीन वर्षांत तिन्ही कंपन्यांत ५० हजार कोटी रुपयांची गुंतवणूक केली जाईल, असे आश्वासन त्यांनी दिले आणि संप मागे घेण्यात आला. मात्र प्रश्न मिटला नाही. ९ ऑक्टोबर २०२५ पासून पुन्हा ७२ तासांच्या संपाची हाक दिली गेली. त्या वेळीही समांतर परवाने, उपकेंद्रे कंत्राटदारांकडे देणे आणि जलविद्युत केंद्रांचे खासगीकरण हेच मुद्दे होते.

नवी मुंबईच्या परवान्याशी आष्टी तालुक्यातल्या शेतकऱ्याचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो सोप्या आकड्यांनी दाखवता येतो. हे आकडे फक्त समजुतीसाठी आहेत. समजा, एक युनिट वीज ग्राहकापर्यंत पोचवायला आठ रुपये खर्च येतो. शेतकऱ्याकडून चार रुपये घेतले जातात आणि कारखान्याकडून दहा. शेतकऱ्याचे एक युनिट आणि कारखान्याची दोन युनिट मिळून खर्च चोवीस रुपये, वसुलीही चोवीस रुपये. जमाखर्च जुळला. आता कारखान्याचे एक युनिट दुसऱ्या कंपनीकडे गेले. उरलेल्या दोन युनिटांचा खर्च सोळा रुपये, वसुली चौदा. दोन रुपयांचा खड्डा पडला. तो शेतकऱ्याचा दर वाढवून भरायचा, की सरकारी तिजोरीतून? याला वीजक्षेत्रात क्रॉस सबसिडी म्हणतात. ज्या भागात उद्योग आणि मोठे ग्राहक दाट आहेत, तो भाग हातचा गेला तर बीडसारख्या जिल्ह्याचा भार उचलायला कोण उरेल, ही संघटनांची भीती या गणितावर उभी आहे. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना राज्य सरकारने २०२४ पासून मोफत वीज देऊ केली आहे. पण मोफत म्हणजे बिनखर्चाची नव्हे. तो खर्च सरकार भरते, आणि वितरण कंपनीची तूट वाढली की सरकारचाही भार वाढतो.

दुसरी बाजू

एवढे वाचून सार्वजनिक मालकी म्हणजे सर्व रोगांवर औषध असे कुणाला वाटले, तर तो विद्यार्थ्यांवर अन्याय होईल. बीडमधल्याच गोष्टी पाहू.

परळीचे केंद्र सरकारी. पण त्याची राख गावांवर उडायची राहिली नाही. दाऊतपूर आणि दादाहरी वडगाव परिसरातील राखेच्या तळ्यांबद्दल आणि राखेच्या वाहतुकीबद्दल तक्रारी वर्षानुवर्षे होत आहेत. विद्युत मंडळाच्या काळातही भारनियमन होतेच. शेतीला रात्री लाईट येई आणि विंचूकाट्याच्या भीतीत, हातात बॅटरी घेऊन शेतकरी दारे धरायला जाई. या व्यवस्थेत थकबाकी साठली, आकडे टाकले गेले, आणि कंत्राटी कामगारांची संख्या वाढत गेली. खांबावर चढणारा कंत्राटी तरुण आणि कायम कर्मचारी एकच धोका पत्करतात, पण त्यांचा पगार एक नसतो. संघटनांनी हा प्रश्नही तितक्याच जोराने लढवला पाहिजे.

सहकाराचाही अनुभव आहे. श्रीरामपूर परिसरात मुळा प्रवरा वीज सहकारी संस्था चार दशके ग्राहकांच्या मालकीने वीज वाटत होती. देणी थकत गेली आणि २०११ मध्ये तिच्या क्षेत्राचे काम महावितरणकडे आले. मालकी आपली असली म्हणजे हिशेबातून सुटका होते असे नाही.

खासगी क्षेत्राच्या बाजूचा सबळ मुद्दा स्पर्धेचा. लिलावात कमी बोली लावणाऱ्याला काम मिळू लागल्यापासून सौर विजेचा दर झपाट्याने खाली आला. पत्रे स्वस्त झाले हे त्याचे मोठे कारण खरे, पण स्पर्धेचाही वाटा आहे. पैसाही खासगी क्षेत्राने घातला, म्हणून काम लवकर झाले.

याउलट दाभोळचा धडा आहे. एन्रॉनशी १९९३ मध्ये झालेल्या करारानुसार वीज घेतली वा न घेतली, तरी क्षमतेचा आकार मंडळाने द्यायचा होता, आणि त्यातला मोठा भाग डॉलरशी बांधलेला होता. सिटू ही कामगार संघटना आणि अभय मेहता यांनी १९९६ मध्ये या कराराला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. ते फेटाळले गेले. १९९९ मध्ये वीज सुरू झाली आणि मे २००१ मध्ये मंडळाने ती घेणे थांबवले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एन्रॉनने दिवाळखोरी जाहीर केली. नफा खासगी आणि जोखीम सार्वजनिक, अशी वाटणी करारातल्या एखाद्या कलमाने होऊ शकते, हे त्यातून महाराष्ट्र शिकला.

पवनऊर्जेचा एक वेदनादायक संदर्भही टाळता येत नाही. ९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या खंडणीला त्यांनी अडथळा केल्यामुळे हे घडले, असे तपास यंत्रणेने आरोपपत्रात म्हटले आहे. सार्वजनिक मालकी असती तर हे टळले असते, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. एवढे मात्र खरे की, वाऱ्याच्या विजेत कार्बन नसला तरी तिच्यात जमीन असते, पैसा असतो आणि सत्ता असते. प्रकल्पाच्या हिशेबात गावाला उघड, कायदेशीर वाटा नसेल, तर चोरवाटा तयार होतात.

सध्या काय होत आहे

राज्यात आज सर्वांत वेगाने वाढणारी योजना म्हणजे मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना. ती २०१७ मध्ये सुरू झाली आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. लक्ष्य १६ हजार मेगावॅटपर्यंत वाढवण्यात आले. उपकेंद्राच्या जवळ सौर प्रकल्प उभारायचे आणि त्यांची वीज शेतीच्या फीडरला दिवसा द्यायची, अशी ही योजना आहे. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील धोंदलगावचा तीन मेगावॅटचा प्रकल्प २०२४ मध्ये सुरू झाला. ज्या शेतकऱ्याने उमेदीची वर्षे रात्रीच्या लाईटमागे घालवली, त्याला दिवसा पाणी देता येणे ही साधी गोष्ट नाही.

या योजनेतली मालकी कशी आहे? प्रकल्पासाठी गायरानासारखी सरकारी जमीन वापरता येते. तारा आणि उपकेंद्र महावितरणचे. वीज विकत घेणारी महावितरण, आणि लिलावात ठरलेला दर तीन रुपयांच्या आसपास. प्रकल्प मात्र बहुतांशी खासगी विकासकांचे, आणि करार २५ वर्षांचा. आपल्या मघाच्या हिशेबातला १२ टक्क्यांचा दर आठवा. तोही तीन रुपयांच्या आसपासच होता. म्हणजे दर चढा आहे असे म्हणता येणार नाही. पण स्वस्त सार्वजनिक पैशाने तो आणखी खाली आणता आला असता का, हे विचारणे रास्त आहे.

सरकारी कंपन्यांना हे जमतच नाही असेही नाही. महानिर्मितीने धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ मध्येच सुरू केला. बीडच्या शेजारी, धाराशिव जिल्ह्यात कौडगावला तिचा ५० मेगावॅटचा प्रकल्प आहे. पण कंपनीची औष्णिक क्षमता साडेनऊ हजार मेगावॅटच्या आसपास आणि जलविद्युत २,५८० मेगावॅट. त्यापुढे तिची सौर क्षमता लहान आहे. उद्या कोळसा मागे पडेल आणि नवी वीज दुसऱ्याची असेल, तर महानिर्मितीकडे उरेल काय? परळीच्या कामगाराची चिंता ही आहे. परळीत निवृत्त संचांची मोकळी जागा आहे, राज्याच्या जाळ्याला जोडणाऱ्या उच्च दाबाच्या वाहिन्या आहेत, आणि यंत्रे हाताळण्यात आयुष्य गेलेली माणसे आहेत. सौर प्रकल्प वा वीज साठवणाऱ्या बॅटऱ्या उभ्या करायला याहून तयार जागा शोधून सापडणार नाही, असे आम्हांला वाटते.

हा विचार फक्त महाराष्ट्रातला नाही. २०१२ मध्ये न्यूयॉर्कला भरलेल्या एका बैठकीतून 'ट्रेड युनियन्स फॉर एनर्जी डेमॉक्रसी' हे अनेक देशांतील कामगार संघटनांचे जाळे तयार झाले. कमी कार्बनची वीज सार्वजनिक मालकीची असावी, अशी त्याची भूमिका आहे. न्यूयॉर्क राज्याने २०२३ मध्ये कायदा करून आपल्या सरकारी वीज प्राधिकरणाला सौर आणि पवन प्रकल्प स्वतः बांधण्याचे अधिकार दिले. ब्रिटनमध्ये तेथील कामगार संघटनांचा महासंघ सार्वजनिक ऊर्जा कंपनीची मागणी करीत होता. २०२५ मध्ये 'ग्रेट ब्रिटिश एनर्जी' या सरकारी कंपनीचा कायदा झाला. ज्या ब्रिटनने १९९० च्या आसपास वीज खासगी करण्याचा पायंडा पाडला, तेथे हे घडले, ही गोष्ट विशेष आहे.

वर्गात करून पाहण्यासाठी

विद्यार्थ्यांना घरचे वीजबिल आणायला सांगा. त्यात स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार आणि वीज शुल्क वेगवेगळे दिलेले असतात. यांतला कोणता भाग इंधनाचा, कोणता तारांचा आणि कोणता सरकारी कराचा, याची वाटणी करून पाहा.

दुसरे, एक मेगावॅटच्या प्रकल्पाचा आपला हिशेब ५ टक्के आणि १० टक्के दराने पुन्हा करा. युनिटचा दर किती बदलतो याचा आलेख काढा.

तिसरे, गावाजवळ सौर प्रकल्प किंवा पवनचक्की असेल, तर जमीन कुणाची, भाडे किती वर्षांचे, ग्रामपंचायतीला काय मिळते आणि कामावर गावातले किती जण आहेत, हे ग्रामपंचायतीत जाऊन विचारा. मिळालेली माहिती वर्गात लावा.

आणि मग तो पहिला प्रश्न पुन्हा फळ्यावर लिहा: ऊन फुकट, वारा फुकट, मग वीज विकत का? आता "यंत्रांना खर्च येतो" या उत्तरावर वर्ग थांबणार नाही. खर्च कुणी केला, किती वर्षांत फिटतो आणि त्यानंतर वीज कुणाची, असे मुले विचारतील. या वर्गातल्या काही मुली-मुले उद्या महावितरणमध्ये वायरमन होतील, काही सौर प्रकल्पावर काम करतील, काही ग्रामसभेत बसून जमिनीच्या ठरावावर हात वर करतील. त्या दिवशी हा हिशेब त्यांना करता यायला हवा.